यांत्रातली चोरवाट

"दार लावून घे," बोगोमिलकाका म्हणाले. रुमेनाने दार लावलं.

त्यांच्यासोबत काम करणारा कालोयान मान खाली घालून बसला होता. टेबलावरच्या चीज भरलेल्या खुसखुशीत बानित्साला कुणी हात लावला नव्हता.

काकांनी थोडक्यात सांगितलं. यांत्रात चोरवाट सापडली होती. यांत्रा म्हणजे गावच्या नदीचं नाव दिलेली त्यांची ऑपरेटिंग सिस्टिम. कुठल्याही कंपनीचे पाय धरावे लागू नयेत म्हणून देशोदेशीच्या हौशी मंडळींनी ओळ ओळ लिहून उभी केलेली. नवा बदल आत घेण्यासाठी संगणकाला लावायची बोटभर लांबीची किल्ली मात्र या तिघांपाशीच. उद्यापासून गावचं इस्पितळ यांत्रावर चालणार होतं, आणि कुणीतरी तिच्यात बाहेरच्याला गुपचूप शिरायला जागा ठेवली होती.

त्या बदलावर नाव निघालं होतं कालोयानचं.

"मी नाही केलं," एवढंच तो म्हणत होता. काकांनी त्याच्याकडे किल्ली मागितली. आता सगळ्यांना नावानिशी कळवावं लागेल, असंही सांगितलं.

रुमेनाच्या डोळ्यांसमोर त्याची गरोदर बायको आली.

"थांबा काका. ते मी केलंय."

मग तिने सगळं सांगून टाकलं. भाऊ सीमेपलीकडे तुरुंगात होता. एक गोड बोलणारा माणूस भेटला. एवढं एक काम कर, तो घरी येईल, म्हणाला. कालोयान कॉफी आणायला गेला असताना तिने त्याच्याच संगणकावरून, त्याला लावलेल्या त्याच्याच किल्लीने ते उरकलं. भाऊ आला. पण त्या दिवसापासून तिला धड झोप नव्हती, आणि ते काढून टाकायची हिंमतही नव्हती.

कालोयान तिच्याकडे बघतच राहिला. तिला वर बघवेना.

काकांनी चष्मा काढून पुसला. "गेल्या वर्षी, छपाईच्या भागात टाकलं होतंस ना? ते मी त्याच आठवड्यात बुजवलं. नाव त्याचं होतं, पण लिहिण्याची ढब तुझी. तू आपणहून कधी सांगतेस, याची वाट बघत होतो, पोरी."

रुमेनाला रडू फुटलं.

"पण हे ते नव्हे," काका सावकाश म्हणाले. "हे गेल्या महिन्यातलं आहे. आणि याची ढबही कालोयानचीच."

कालोयान उठला. खिशातली किल्ली काढून त्याने टेबलावर ठेवली आणि मागे वळून न बघता जिना उतरून गेला.