घर देऊन गाढव

“घर दिलं आनि गाढव घेतलं?” गजा बाकावरून अर्धा उठला. “येडा व्हता का तो, मास्तर?”

तिसरी इंग्रजीचा, म्हणजे सातवीचा, वर्ग खो खो हसला. आबाजी मास्तरांनी टेबलावर डस्टर आपटलं. खडूची धूळ उडाली, हसू काही थांबलं नाही.

“वेडा नव्हता. यहुदी होता,” मास्तर दात आवळून म्हणाले. “साडेचारशे वर्षांपूर्वी स्पेनच्या राजाराणीचा हुकूम सुटला होता. धर्म बदला, नाहीतर देश सोडा. चार महिन्यांची मुदत. सोनं न्यायचं नाही, चांदी न्यायची नाही. सगळेच विकायला निघाले तर भाव कोण देणार? मग घर देऊन गाढव, द्राक्षांचा मळा देऊन कापडाचा तुकडा. मिळेल ते घेतलं आणि माणसं चालू लागली.”

“गाढव तरी धडधाकट व्हतं का?” मागून कुणीतरी विचारलं.

खालापूरच्या शाळेत दिवाळीच्या सुट्टीपासून हेच चाललं होतं. हेडमास्तरांनी दोनदा बजावून झालं होतं. “आबाजी, पुस्तकात स्पेनला अर्धं पान आहे. तुम्ही तिथं बिऱ्हाडच थाटलंत.” पण मास्तर हट्टाला पेटले होते. त्यांनी फळ्यावर अरबी अमलातल्या स्पेनचं कोर्दोबा शहर काढलं. फरसबंद रस्ते, रस्त्यांवर दिवे, बागांतून खेळवलेलं पाणी, राजाच्या संग्रहातली ढीगभर पुस्तकं. मुलांच्या डोळ्यांत मात्र साजगावची जत्रा. तिथल्याच तोलेदो शहरात यहुदी आणि ख्रिस्ती पंडित शेजारी बसून अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये कसे उतरवत, हे दाखवायला त्यांनी तीन मुलं पुढे उभी केली. एकानं दुसऱ्याच्या कानात सांगायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या. वैद्यकाचा ग्रंथ तिसऱ्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचं वांग्याचं भरीत झालं होतं. वर्गाला तेवढंच लक्षात राहिलं.

आणि त्यात ती सुंदरा. मुलींच्या बाकावर बसणारी, शांत, पण एकदा एखादी गोष्ट धरली की सोडायची नाही. आजही ती उभी राहिली.

“पन गावानं त्यांना जाऊ कसं दिलं, मास्तर?”

“गावाला कोण विचारतंय? राजाचा हुकूम होता!”

“व्हता ना. पन शेजारीपाजारी? कोनच वाटेत आडवा नाय झाला?”

“नाही झाला!”

“असं कसं व्हईल?” सुंदरा म्हणाली, आणि सगळ्या वर्गानं मान डोलावली. सुंदराचं बरोबर होतं, इतिहासाचंच कुठंतरी चुकलं होतं, असं एकजात सगळ्यांचं मत पडलेलं दिसत होतं.

मास्तरांच्या कपाळाची शीर ठणकू लागली. इतकी सरळ गोष्ट यांच्या डोक्यात का शिरू नये?

ती शिरायला हवी होती. मास्तर स्वतः यहुदी होते. शनवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे कोकणातले यहुदी. घाणा वडलांच्या पाठोपाठ बंद पडला, पण घराला गाव अजून तेल्याचं घरच म्हणे, आणि शनिवारी त्या घरात चूल पेटत नाही हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. इस्रायल हा यहुद्यांचा नवा देश होऊन दीड वर्ष झालं होतं. मुंबईच्या धाकट्या भावानं, मोझेसनं, तिकडं जायचं नक्की केलं होतं आणि आबाजींसाठीही जागा धरल्या होत्या. नाताळाआधी निघायचं. शाळेत फक्त हेडमास्तरांना माहीत होतं. मुलांना एकदम कसं सांगायचं? म्हणून आधी स्पेन. आधी ती घरं सोडून निघालेली माणसं, त्यांची देशोदेशीची वणवण, आणि मग शेवटी आपलं जाणं. म्हणजे मुलं आपणहून म्हणतील, हो मास्तर, तुम्हाला गेलंच पाहिजे. कुणीतरी एकदा तसं म्हणायला हवं होतं.

“ऐका!” मास्तर ओरडले. त्यांचा धीर संपला होता. सगळा बेत बाजूला ठेवून त्यांनी एका दमात सांगून टाकलं. मी त्याच लोकांतला. आम्हाला आता आमचा देश मिळालाय. मी चाललोय. महिन्याभरात.

गजासुद्धा हसला नाही.

सुंदरा उभीच होती.

“त्यांना राजा जा म्हनला, मास्तर,” ती म्हणाली. “तुमाला कोन म्हनलं?”

“तसं नसतं गं ते...” मास्तरांनी सुरुवात केली. सगळा वर्ग त्यांच्या तोंडाकडं बघत होता.

“कोणी नाही,” ते शेवटी म्हणाले.

गजानं खाली मान घालून विचारलं, “आमी हसलो म्हनून जाता का?”

दिवेलागणीला ते घरी आले तेव्हा त्यांची बायको सारा ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती.

“सांगितलंत मुलांना?”

“सांगितलं.”

“पटलं त्यांना?”

मास्तर मटकन ओट्यावर टेकले. “डोकी आहेत की दगड! काही केल्या पटत नाही,” ते चिडूनच म्हणाले. मग वहाणा काढून भिंतीशी नीट लावून ठेवल्या. “मोझेसला कळवायला हवं. आमची वाट पाहू नको म्हणून.”

सारानं एकदा त्यांच्याकडं नीट पाहिलं. काही न विचारता ती उठली, पदर झटकला आणि सकाळीच शेजारच्या सोनाबाईला देऊन टाकलेलं जातं परत मागायला गेली.