देवाच्या ओठांवर मध

नायजेरियातल्या इबादान शहरातल्या घरात चिनी सून शेगडीमागच्या देवाच्या चित्राला मध लावत होती, तोही नेमका ओठांवर.

"हे काय गं?" योरुबा सासूबाईंनी विचारलं.

"हा आमचा चूलदेव, आई. वर्षभर घरातलं सगळं ऐकतो आणि नववर्षाआधी स्वर्गात जाऊन सांगतो. म्हणून तोंड गोड करायचं."

"आमचा एशू देवही वर निरोप नेतो. त्याला पामतेल वाहिलं की त्याचं डोकं थंड राहतं. पण तुझा भलताच चोंबडा दिसतोय!"

हसता हसता सासूबाईंची नजर दारातल्या बॅगेकडे गेली. सून उद्या माहेरी, चीनला निघाली होती. त्यांनी मधात बोट बुडवून तिच्या ओठांना लावलं.

"तुझ्या आईला माझ्याबद्दल गोडच सांग हो, पोरी."

सुनेने ओठ चाटले. "एवढ्याने नाही भागायचं, आई," म्हणत तिने अख्खी बरणीच पुढे केली.