खारुताईचे ओठ

तिसऱ्या दिवशीही काका साडेनऊच्या ठोक्याला स्टुडिओत आले. कोट खुंटीला अडकवून ते एडिटरच्या शेजारच्या खुर्चीत बसले, आणि तिने दुसरा हेडफोन त्यांच्या हातात दिला.

खारुताईची कार्टून मालिका सतरा वर्षं चालली होती. आता तिच्यावर लहान मुलांचा व्हिडिओ गेम निघत होता. पण खारुताईला आवाज देणाऱ्या बाई पाच महिन्यांपूर्वी वारल्या होत्या. दुसरा आवाज घेतला तर मुलं लगेच ओळखतील, म्हणून जुन्या भागांतले शब्द सुटे करून गेमची दोनशे वाक्यं जुळवायची असं ठरलं. हे किचकट काम एडिटरच्या गळ्यात पडलं. फिरतीवर जाण्याआधी साहेब एवढंच सांगून गेले, की बाईंच्या घरचं माणूस येईल, ऐकेल, संमतीच्या कागदावर सही करेल. जरा सांभाळून घे.

दोन दिवसांनी काका दारात उभे राहिले. तिच्या आवाजाचं काम इथेच चाललंय ना, असं त्यांनी विचारलं. मालिकेतल्या चित्रांत खारुताईचं तोंड मीच काढायचो, हेही सांगितलं. एडिटरने मनातल्या मनात दोघांचा संसार मांडून टाकला. ती बोलायची, हा ओठ काढायचा. वाईट झालं हो, असं ती म्हणाली, तर काका खाली बघत म्हणाले, "मला फार उशिरा कळलं."

काही दुखणी अशीच दबा धरून बसतात. एडिटरने पुढे विचारलं नाही.

काका आल्यापासून काम सरसर पुढे सरकलं. गेममध्ये खारुताईला "डावीकडे उडी मार" म्हणायचं होतं. "उडी" शंभर ठिकाणी सापडली, "डावीकडे" कुठेच नाही. काकांनी डोळे मिटले आणि सांगितलं, की नदीच्या भागात ती डावीकडच्या झाडाबद्दल बोलते. निघालं तिथेच. ऐकताना त्यांचे ओठ नकळत हलत, आणि समोरच्या कागदावर पेन्सिलीने बारीक बारीक तोंडं उमटत जात. मिटलेलं, उघडं, चंबू केलेलं.

"इथे नाक चोंदलंय तिचं," ते म्हणत. किंवा, "दाढ काढली होती त्या आठवड्यात. 'स' बघ कसा घसरतोय."

एडिटरला काही ऐकू येत नसे. बारा वर्षं ती या धंद्यात होती, तरी. मग ती आवाज मोठा करी, आणि खरंच, 'स' घसरलेला असे.

दुपारी नवव्या वर्षाचे भाग लागले. काकांनी हात वर करून थांबवलं.

"दिवस गेले होते तेव्हा. लांब वाक्य आलं की श्वास पुरत नाही. मध्येच चोरून घेते, ऐक."

एडिटरने ऐकलं. मुलगा झाला की मुलगी, असं तिने सहज विचारलं.

काका पेन्सिलीचं टोक बघत राहिले. "पुढच्या भागात श्वास पुरतोय. पण आवाजातलं हसू गेलंय," ते म्हणाले. "त्या भागात मी खारुताईचे कान पाडून काढले. का, म्हणून कुणी विचारलं नाही."

एडिटरने हेडफोन काढला आणि उगाच टेबलावरच्या वायरी नीट केल्या.

त्या संध्याकाळी घरी जेवताना तिला ठसका लागला. चांगला जोराचा. नवऱ्याने मोबाइलवरून मान वर न करता पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला. पंधरा वर्षांचा संसार. आपण कुठल्या वर्षी कसा श्वास घेत होतो, हे याला सांगता येईल का? भांडण काढण्यासारखं त्यात काही नव्हतं. ती पाणी प्यायली आणि तिने ताटं उचलली.

शेवटच्या दिवशी एकच वाक्य उरलं. खेळणारा हरला की खारुताई खाली पडते आणि म्हणते, "रडू नकोस, मी परत येते." सतरा वर्षांत बाई हे कधीच बोलल्या नव्हत्या. "रडू नकोस" एका भागातून घेतलं, "मी" दुसऱ्यातून, "परत" तिसऱ्यातून. "येते" मात्र प्रत्येक वेळी घाईचं निघे. शेवटी काकांना एक आठवलं, दाराशी थबकून म्हटलेलं. एडिटरने सांधे घासूनपुसून एक केले आणि वाक्य लावलं.

काकांनी ते तीनदा ऐकलं. मग उठले आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. एडिटरने घाई केली नाही. ते परतले तेव्हा डोळे पुसलेले होते.

"बरं जमलं," ते म्हणाले. "खोटं आहे, पण बरं जमलं."

तेवढ्यात साहेबांचा मेल आला. गेमच्या शेवटी बाईंचा फोटो टाकायचा होता. आवाज देणाऱ्या साऱ्या मंडळींचा एक जुना फोटो त्यांनी पाठवला होता. त्यातला बाईंचा चेहरा तेवढा कापून घे, अशी सूचना होती. एडिटरने बाईंना कधी पाहिलं नव्हतं. फोटोत सहा बायका माइकसमोर हसत उभ्या होत्या. तिने तो छापून काकांपुढे ठेवला आणि म्हटलं, की बोट दाखवा, मी कापून घेते.

काकांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. कागद दिव्याखाली धरला. त्यांचं बोट पहिल्या चेहऱ्यावरून दुसऱ्यावर गेलं, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, प्रत्येकीच्या ओठांपाशी जरासं रेंगाळलं, आणि शेवटच्या बाईपर्यंत जाऊन परत फिरलं.

"माझ्याकडे टपालाने नुसत्या टेपा यायच्या, मुली," ते हळूच म्हणाले. "यातली ती कोणती?"