आळणी पाहुणचार

पहिल्याच घासाला जवादला कळलं की भाकरीत मीठ नाही. माशांच्या रश्श्यातही नव्हतं.

"डॉक्टरनं बंद केलंय," समोर बसलेली तुदा म्हणाली. "दोन वेगळे रस्से करायचा कंटाळा येतो. चालेल ना?"

चालेल, म्हणाला. हल्ली त्याला सगळंच चालत होतं. चाळीस दिवस झाले, जिभेला चव नव्हती आणि मनालाही नव्हती.

तो कासाब्लांकाहून समुद्राकाठच्या मिर्लेफ्त गावी आला होता तो या बाईला एकच गोष्ट सांगायला. तिचा मुलगा लहसेन मेला तेव्हा मोटारसायकल जवाद चालवत होता. अगादीरला लाटांवर फळीनं घसरताना झालेली दोघांची दोन दिवसांची ओळख. लहसेन म्हणाला, मला घरी सोड, आईच्या हातचं जेवून जा. रात्री तिझनीतच्या अलीकडे वळणावर जवादचा डोळा लागला. लहसेन दगडांवर आपटला. त्याचा श्वास चालू होता. जवादनं मोटारसायकल उभी केली, चालू होते का पाहिलं, आणि निघून गेला. लहसेन सकाळी मेंढपाळांना सापडला, तोवर उशीर झाला होता.

हे सांगायचं, पाय धरायचे, माफी मागायची. दारात उभं राहीपर्यंत वाक्य पाठ होतं. पण तुदानं त्याच्याकडे क्षणभर पाहिलं, पाठीवरची पिशवी उतरवून घेतली आणि हात धुवायला पाणी दिलं. कोण, कुठला, काही नाही. वाक्य घशातच राहिलं.

"तिला काय विचारायचं असतं तर विचारलं असतं," तिचा दीर हमाद त्याला म्हणाला. तो समोरच्या ओट्यावर जाळं विणत बसायचा. "आमच्याकडे तीन दिवस पाहुण्याला नाव विचारत नाहीत. चौथ्या दिवशी मात्र हाकलतात."

जवाद हसला. शहरात वाढलेला माणूस. त्यानं सोयीचा अर्थ काढला. विचारत नाही म्हणजे हिला काही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी तुदानं अंगणातली निळी फळी खाली काढली. लाटांवर घसरायची, लहसेनची. तो परदेशी लोकांना याच फळीवर उभं राहायला शिकवायचा.

"ने," ती म्हणाली. "पडूनच आहे."

"कोणाची?"

"तुला काय वाटतं, कोणाची असेल?"

त्यानं खांदे उडवले. ती थोडा वेळ थांबली, मग आत गेली.

दिवसभर तो पाण्यात होता. किनाऱ्यावर चार-दोन माणसं, लाल कडे, थंड वारा. लाटेनं दोनदा आपटलं, गुडघा फुटला, तरी दुखलं असं वाटलं नाही. ओठांवर मीठ साचलं होतं. परतला तेव्हा तुदा आणि हमाद उंबऱ्यावर बसून खारवलेले ऑलिव्ह खात होते. तुदा एक-एक चोखून बिया ओंजळीत जमवत होती. जवादला पाहून तिनं वाडगा पदराआड घेतला.

"काय पाव्हणं, जेवण कसं आहे आमच्याकडचं?" हमादनं विचारलं.

"छान आहे. जरा आळणी."

हमादनं वहिनीकडे पाहिलं. "अजून आळणीच का?"

"अजून एक दिवस आहे," ती म्हणाली.

रात्रीच्या जेवणाला तिनं तीन ताटं मांडली. तिसऱ्यापुढे कोणी बसलं नाही. "माझ्या पोराचं," ती म्हणाली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आता सांगावं, असं जवादला वाटलं. खरं तर वाटलंही नाही. वाटायला हवं, एवढंच लक्षात आलं. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि विचारलं, उद्या बस किती वाजता असते?

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं अंडी, गरम भाकरी, बदामाची चटणी असं सगळं पुढं ठेवलं, आणि ताटाच्या कडेला झाकणाची एक छोटी वाटी. तिचा हात त्या झाकणावरच होता.

"आज तिसरा दिवस," ती म्हणाली. "काही सांगायचं राहिलं असेल तर आत्ता सांग, बाळा. मी ऐकून घेईन. काहीही असलं तरी ऐकून घेईन."

इतक्या हळू आवाजात त्याच्याशी चाळीस दिवसांत कोणी बोललं नव्हतं. वाक्य ओठांपर्यंत आलं. मग त्यानं विचार केला, म्हातारीला बिचारीला काही ठाऊक नाही, झोपलेलं दुःख कशाला उठवा? हा विचार त्याला फार चांगुलपणाचा वाटला.

"नाही मावशी. काही नाही. तुमचे उपकार झाले."

तुदा त्याच्याकडे बघत होती. तिचे डोळे भरले, पण थेंब पडला नाही. तिनं ती वाटी न उघडता उचलली आणि मागे ठेवली. "खा," म्हणाली. त्यानं आळणी अंडी खाल्ली, हात धुतले, पिशवी खांद्याला लावली.

बाहेर हमादचं जाळं ओट्यावर तसंच पडलं होतं. हमाद गल्लीच्या तोंडाशी उभा होता, आणि त्याच्या पाठीमागे पोलिसांची जीप. हवालदारानं खिशातून घडी पडलेला कागद काढला. त्यावर फोटो होता, लहसेननं त्या रात्री आईच्या फोनवर पाठवलेला: पेट्रोलपंप, मोटारसायकल, लहसेन, आणि लहसेनच्या खांद्यावर हात टाकून हसणारा जवाद. खाली छापलं होतं: आई, हा मित्र मला घरी आणतोय, दोन भाकऱ्या जास्त टाक.

जवादची पिशवी खांद्यावरून घसरली. त्यानं ती उचलली नाही.

"चेहरा तर हाच," हवालदार म्हणाला. तोही इथलाच होता, म्हणून अवघडला. "पण तुदा, यानं तीन दिवस तुझ्या घरचं मीठ खाल्लंय. आपण ज्याला मीठ वाढलं त्याला धरून देत नाही. आता तू याच्याकडे बोट कसं दाखवणार?"

तुदा दारात आली. तिनं हातातल्या वाटीचं झाकण काढलं. वाटी पांढऱ्याशुभ्र मिठानं काठोकाठ भरलेली होती.

"बघा," ती म्हणाली. "याला मी एक चिमूटही दिलेलं नाही."