माफीचा पुरावा

सत्य कधी मरत नाही. कधीकधी त्याचा पॉवर सप्लाय जातो, एवढंच.

निवृत्त पर्यवेक्षकांचं सत्य अकरा किलो वजनाचं होतं आणि सध्या दुरुस्तीच्या दुकानात, टेबलावर, पोट उघडं टाकून पडलं होतं. शिवणयंत्राच्या पेटीएवढा कॉम्प्युटर. त्या काळी त्याला पोर्टेबल म्हणत, कारण त्याला मूठ होती. दुकानापर्यंत आणायला नवरा-बायको दोघं लागली. मागच्या आठवड्यात एकतीस वर्षांनी त्याचा प्लग लावला, तेव्हा आतून फट् असा आवाज आला आणि धूर निघाला. यात भावजयीचा हात असावा, असं पर्यवेक्षकांना क्षणभर वाटून गेलं. भावजयीनं त्यांच्या घरात एकतीस वर्षांत पाऊल टाकलेलं नव्हतं.

प्रकरण जुनं होतं. पर्यवेक्षकांनी उभा जन्म परीक्षेच्या हॉलमध्ये कॉपी पकडण्यात घालवला. खात्याच्या बढतीच्या परीक्षेला धाकटा भाऊ बसला, तेव्हा उद्या कुणी पक्षपात म्हणायला नको, म्हणून त्यांनी सगळ्यांत आधी त्याचीच झडती घेतली. खिशात घडी घातलेला कागद सापडला. चौकशीअंती ती होऊ घातलेल्या बाळाच्या नावांची यादी निघाली. तोवर पेपरची वेळ संपली होती आणि भावाची बढतीही.

त्या बाळाचं आता परवा लग्न होतं. तिनंच फोन केला होता. "मोठे काका, तुम्ही हवेच आहात हो मला. पण बाबा म्हणतात, दादानं आधी माफी मागावी. आजवर मागितलेली नाही."

आजवर मागितलेली नाही! पर्यवेक्षकांनी त्याच वर्षी, याच यंत्रावर टाइप करून, रीतसर पत्र पाठवलं होतं. पत्र भावापर्यंत गेलं नाही याचा अर्थ ते भावजयीनं दाबलं. किंवा पोस्टमननं. बहुधा दोघांनी मिळून. पण मूळ पत्राची फ्लॉपी पर्यवेक्षकांनी कपाटात जपली होती. यंत्र चालू झालं की झालं.

"अहो, फोन उचलून 'चुकलं माझं' म्हणायला असा किती वेळ लागतो?" बायकोनं वाटेत तिसऱ्यांदा विचारलं होतं.

"म्हणजे आधी म्हटलं नव्हतं, असं कबूल करायचं?"

आता ते मेकॅनिकच्या खांद्यावरून वाकून बघत होते. मेकॅनिकनं फुटलेला कपॅसिटर काढला, नवा लावला. पर्यवेक्षकांनी जुना उचलून खिशात टाकला.

"काका, जरा मागे सरता का? उजेड अडतोय."

"हात टेबलावर दिसू देत."

"मी कॉपी करत नाहीये हो," मेकॅनिक म्हणाला. बायको हसली. पर्यवेक्षकांनी तिच्याकडेही संशयानं बघितलं.

मेकॅनिक जुन्या वळणाचा होता. यंत्राला थेट वीज न देता त्यानं मध्ये एक साधा बल्ब जोडला. आत शॉर्ट असेल तर बल्ब लखलखत राहतो. सगळं ठीक असेल तर एकदा चमकून मंद होतो. त्यानं बटण दाबलं. बल्ब ढिम्म.

"आत काहीतरी बदललंत तुम्ही," पर्यवेक्षक म्हणाले.

"तुमच्या डोळ्यांदेखत बदललं. पण वीज आत शिरतच नाहीये."

त्यानं फ्यूज काढून उजेडात धरला. काचेतली तार शाबूत होती. दोन्ही बाजूंच्या धातूच्या टोप्या मात्र गुलाबी होत्या. मग त्यानं बाकीचं नीट बघितलं. प्रत्येक भागावर एक गुलाबी ठिपका होता.

"अगंबाई, ही तर माझी नेलपॉलिश!" बायको म्हणाली.

"घरून निघण्याआधी खूण केली आहे," पर्यवेक्षक शांतपणे म्हणाले. "भाग बदलले तर कळावं."

"काका, फ्यूजच्या टोप्यांतून वीज जाते. नेलपॉलिशमधून जात नाही."

"मग त्यावर खूण करायची कुठे?"

मेकॅनिकनं ब्लेडनं टोप्या खरवडल्या, फ्यूज बसवला, बटण दाबलं. बल्ब चमकला आणि मंदावला. मग बल्ब बाजूला काढून त्यानं यंत्राला थेट वीज दिली. आतला पंखा घुरघुरला. पर्यवेक्षकांनी आत सरकवलेली फ्लॉपी खरडल्यासारखी वाजली आणि इवल्याशा पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. पत्रावरची तारीख एकतीस वर्षांपूर्वीची होती.

पर्यवेक्षकांनी पडद्याकडे बोट केलं. "बघा," ते म्हणाले. "बघा! सांगत होतो की नाही?" बायकोनं डोळ्यांना पदर लावला आणि पुतणीला फोटो पाठवायला मोबाइल काढला. मेकॅनिकनंही हात पुसले.

"मोठ्यानं वाचा," पर्यवेक्षकांनी त्याला फर्मावलं. "त्रयस्थ साक्षीदार असलेला बरा."

"चिरंजीव धाकट्यास अनेक आशीर्वाद," मेकॅनिकनं वाचलं. "मुद्दा एक. परीक्षेला येताना खिशात कागद ठेवू नये, ही सूचना फळ्यावर लिहिलेली होती. मुद्दा दोन. झडतीच्या वेळी तू हसलास. मुद्दा तीन. तुझ्या बायकोनं चारचौघांत मला..." तो थांबला. "काका, माफी?"

"पुढे आहे. खाली जा."

मेकॅनिक खाली गेला. सतराव्या मुद्द्यात, एवढं सगळं होऊनही मोठ्या मनानं भावाला क्षमा केली होती. त्याखाली सही. सहीखाली ताजा कलम.

तोही त्यानं वाचला. "प्रिंटरची रिबन जुनी असल्यामुळे अक्षरं फिकट आली आहेत. त्याबद्दल माफी असावी."