नारिंगी जॅकेट

"मागे बसलेला माणूस पडला, तर पुढच्याला कळतं का?" गिऱ्हाइकाने विचारलं.

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. जुन्या वॉटर स्कूटर दुरुस्त करून विकण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. लोक विचारायचे, पळते किती, पेट्रोल खाते किती आणि शेवटचे किती घेणार. हे असलं काही कोणी विचारलं नव्हतं.

"लगेच नाही कळत," तो म्हणाला. "इंजिनाचा आवाज असतो ना."

गिऱ्हाइकाने हातातल्या चिठ्ठीवर खूण केली. चिठ्ठीतलं अक्षर गोल, टपोरं होतं. माणूस पन्नाशीचा, पायात पॉलिश केलेले बूट. तळ्याकाठच्या ओल्या फळ्यांवर तो पाण्याकडे पाठ करून उभा होता. त्याची बायको दोन पावलं मागे, गप्प. केस ओले, घट्ट बांधलेले, आणि दोन्ही डोळ्यांभोवती लाल वळ.

ते वळ मिस्त्रीच्या नजरेतून सुटले नाहीत. आठ वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीच्या डोळ्यांभोवती असेच वळ दिसले होते. नवराबायकोच्या मध्ये आपण कशाला, म्हणून तो तोंड मिटून बसला होता. बहीण आता या जगात नव्हती, आणि तिचा नवरा मजेत होता.

शेडमध्ये तीन स्कूटर होत्या. पिवळी जवळजवळ कोरी, पण तिची किंमत ऐकूनच गिऱ्हाइकाने लांबून नमस्कार केला. लाल दणकट होती, पण तिला पोसायचं म्हणजे घरात हत्ती बांधण्यापैकी. उरली निळी. सीट दोनदा शिवलेली, रंग उडालेला, इंजिन मात्र खणखणीत. परवडण्यासारखी तेवढीच होती.

"हीच घेऊ. मी काही रोज बसणार नाही," गिऱ्हाईक म्हणालं. "मला एकदाच बसायचंय."

मग पुन्हा चिठ्ठी. तळ्याच्या मध्यावर कोणी ओरडलं तर काठावर ऐकू येतं का? बेशुद्ध माणसाला एकट्याने हिच्यावर ओढून घेता येतं का? बाई प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होती. मान हलवण्याशिवाय तिच्या हातात काय असणार, असं मिस्त्रीला वाटलं. पोलिसांना बोलवावं तर सांगायचं काय? एक माणूस चौकशी करतोय म्हणून?

पैसे चुकते झाले. स्कूटर पाण्यात घालून एक फेरी मारून बघू, असं ठरलं.

"जॅकेट एकच द्या," गिऱ्हाईक म्हणालं. "हिला काय करायचंय?"

"खरंच, मला नको," बाई पहिल्यांदाच बोलली. "चांगलं असेल ते यांना द्या."

मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं. मरणाच्या दारात उभी आहे, तरी नवऱ्याचंच बघतेय. दोघांनाही घालावं लागतं, तसा नियमच आहे, असं त्याने ठणकावून सांगितलं.

शेडमध्ये जॅकेटं दोनच होती. एक नारिंगी, कोरं. दुसरं राखाडी, तीन वर्षं दुरुस्तीच्या वेळी गुडघ्याखाली घेतलेलं. त्यातला फोम चेपून पुठ्ठा झाला होता. ते धड चिंधीलाही तरंगवणार नाही, हे मिस्त्रीला पक्कं ठाऊक होतं. त्याने ते झटकलं आणि गिऱ्हाइकाच्या अंगात चढवलं. पट्टे लावताना गिऱ्हाइकाचे हात थरथरत होते. मनात पाप असलं की हात थरथरायचेच. आता त्याचं तो बघून घेईल, मिस्त्रीने मनाशी म्हटलं.

नारिंगी जॅकेट त्याने बाईला घातलं. पट्ट्यांवर वरून दोरी आवळली आणि सहजी सुटणार नाही अशी दुहेरी गाठ मारली.

"ताई," तो हळूच म्हणाला, "काही झालं तरी हे काढायचं नाही. कोणी काढ म्हटलं तरी नाही."

बाईने त्याच्याकडे नवलाने पाहिलं आणि ती हसली. "तुम्हीही यांच्यासारखेच दिसता."

मिस्त्रीला ते फार लागलं. त्याने फॉर्म पुढे केला. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाकडून तो भरून घ्यावा लागे. बाईने टेबलाशी उभ्या उभ्या तो भरला. मिस्त्रीने नेहमीप्रमाणे न वाचता खिळ्याला टोचला. वीस वर्षांत एकही फॉर्म त्याने वाचला नव्हता.

स्कूटर पाण्यात ढकलून दिली आणि दोघं बसायच्या आधीच तो आत निघून आला. पुढचं बघायची त्याची छाती नव्हती.

इंजिनाचा आवाज लांब गेला आणि एकदम बंद पडला.

मिस्त्री खिडकीशी धावला. तळ्याच्या मध्यावर निळी स्कूटर रिकामीच डुलत होती. शेजारी एक नारिंगी ठिपका. तो डोकं खाली घालून पाण्यात जायचा आणि जॅकेट त्याला परत वर फेकायचं. पुन्हा खाली, पुन्हा वर. मग दोन हात छातीवरच्या गाठीशी झटापट करू लागले. गाठ सुटत नव्हती.

"राहू दे, ताई, काढू नकोस," मिस्त्री पुटपुटला. त्याच्या जिवात जीव आला होता. या वेळी तो गप्प बसला नव्हता. नवरा कुठे दिसत नव्हता. पोहत काठाला लागला असेल, जातो कुठे.

त्याने बचाव पथकाला फोन लावला. बोट निघतेच आहे, पलीकडचा म्हणाला, आणि विचारलं की पाण्यात कोण कोण आहे, पोहता कोणाकोणाला येतं. मिस्त्रीने खिळ्यावरून फॉर्म ओढला. अक्षर गोल, टपोरं होतं. तो मोठ्याने वाचू लागला.

"चालवणार: पत्नी. व्यवसाय: पोहण्याची शिक्षिका. स्कूटर कशासाठी: वर्गातलं कोणी बुडू लागलं तर बाहेर काढण्यासाठी."

मिस्त्री मध्येच थांबला. बाईच्या डोळ्यांभोवतीचे ते वळ पोहण्याच्या चष्म्याचे होते. पलीकडचा हॅलो, हॅलो करत राहिला. खाली आणखी दोनच ओळी होत्या.

"मागे बसणार: पती.

पोहता येतं का: नाही. पाण्याची फार भीती आहे, पण जॅकेट घालून बसायला तयार झाले आहेत."