गरम झाल्यावर

चंदरने किल्ली फिरवली. फियाट एका सेल्फमध्ये सुरू झाली. त्याने ती बंद केली, पुन्हा फिरवली. पुन्हा सुरू.

“बघा साहेब, एकदम मख्खन. कुठे काय आहे?”

“गरम झाल्यावर, चंदर. लांबून आली की सेल्फ घेत नाही. घर्र करते आणि मान टाकते.”

“माझ्यासमोर कधी टाकते काय? तुम्ही आणता, मी हातातलं काम संपवतो, तोपर्यंत गाडी थंड. बॅटरी बदलून झाली, सेल्फचे कार्बन बदलले. आता न दिसणारी बिमारी मी पकडू कशी?”

दिनानाथ कॅम्प दोनच्या त्या गॅरेजसमोर उन्हात येरझाऱ्या घालत होते. लेकीला बदलापूरला सासरी सोडायचं होतं आणि अंबरनाथहून निघून ते आले होते उलट्या दिशेला, उल्हासनगरात. गाडी दाखवायची हे निमित्त. घोडं कुठे पेंड खातंय ते त्यांना ठाऊक होतं, आणि मागच्या सीटवर बसलेल्या सुनेत्रालाही. तिच्या मांडीवर पिशवी होती आणि उजव्या मनगटाला बँडेज.

“पूर्वी बरं होतं,” चंदर म्हणाला. “साहेब धक्का मारायचे, ताई क्लच सोडायच्या. आता चालवता की नाय, ताई?”

“तिकडे नाही चालवत,” सुनेत्रा म्हणाली. मग बोनेटकडे बघत म्हणाली, “कोणी बघायला आलं की ही चांगलीच चालते.”

चंदर हसला. दिनानाथांनी घड्याळ बघितलं आणि ते गाडीत बसले.

बदलापूरच्या रेल्वे फाटकाशी सगळ्यांनी इंजिनं बंद केली. दिनानाथांनी केलं नाही. मागचा टेम्पोवाला पेट्रोलवरून काहीतरी बोलला, तेही त्यांनी ऐकून घेतलं.

“राग आला की गुरुदत्तचा तोल जातो, एवढंच,” ते आरशात न बघता म्हणाले. “एरवी माणूस वाईट नाही. मी आलो की किती अदबीनं बोलतो.”

“तुम्ही आत कधी आलात, बाबा? दारात गाडी चालू ठेवता आणि चहाला नको म्हणता.”

“बंद केली तर पुन्हा सुरू होत नाही, म्हणून.”

“हो ना.”

फाटक उघडलं. त्यांना लेकीचा राग आला, मग स्वतःचा आला.

हेंद्रेपाड्यात सासरच्या घरी गुरुदत्त दारातच उभा होता. नुकताच तोंड धुऊन आलेला, इस्त्रीचा सदरा, चेहऱ्यावर हसू. त्याने मागचं दार उघडलं आणि सुनेत्राच्या मांडीवरची पिशवी हळूच उचलून घेतली.

“या बाबा. आज तरी चहा घेऊन जा. हात कसा आहे गं तुझा?”

काय गोड विचारलं! दिनानाथांनी आरशात बघितलं. सुनेत्राने बँडेजचा हात पदराखाली घेतला होता आणि ती दुसऱ्या दाराला चिकटून बसली होती. चंदरसमोर गाडी अशीच सुरू व्हायची, पहिल्या किल्लीला.

“दार लाव, सुनेत्रा,” ते म्हणाले. “आपण परत जाऊ.”

घाईत त्यांनी रिव्हर्स टाकला, क्लच निसटला आणि गाडी आचका देऊन बंद पडली. किल्ली फिरवली. घर्र. पुन्हा फिरवली. नुसतंच टक्.

गल्ली शांत झाली. इंजिनच्या आवाजाशिवाय ते त्या दारात पहिल्यांदाच बसले होते.

“झालं?” गुरुदत्त अजून हसत होता. “आता तासभर हलत नाही ही. आत या, थंड होऊ दे.” मग तो मागच्या दारात वाकला. आवाज खाली आला आणि पार बदलला. “उतर. उतर म्हणतो ना! घरात चल, मग बघतो तुझ्याकडे.”

हा आवाज तिने दोन वर्षं ऐकला होता, आणि आपण बाहेर हॉर्न वाजवून निघून जात होतो.

ते उतरले, जावयाच्या हातातून दार ओढून घेतलं आणि लावलं.

“सुनेत्रा, पुढे ये. स्टिअरिंगवर बस.”

“बाबा, तुम्हाला ढकलवणार नाही आता.”

“सेकंड टाक. मी सांगितल्यावर सोड. विसरली नाहीस ना?”

ती मधूनच सीट ओलांडून पुढे आली. दिनानाथांनी डिकीला खांदा लावला. गाडी तसूभर हलली आणि थांबली. करवंदं विकायला डोंगरावरून आलेली एक ठाकरीण कोपऱ्यावर बसली होती. तिने हा सगळा प्रकार बघितला, पाटी बाजूला सारली आणि काही न विचारता ती त्यांच्या शेजारी येऊन रेटायला लागली.

“रेट बाबा, रेट,” ती म्हणाली. “पोरीला ने आदी हितनं.”

गुरुदत्त पिशवी घेऊन उभा होता. “लोक बघतायत, बाबा! शोभतं का हे?”

“सोड!” दिनानाथ ओरडले.

गाडीने दोन आचके दिले, काळा धूर ओकला आणि इंजिन सुरू झालं. सुनेत्राने आरशात बघितलं. साठीला टेकलेला बाप एका पायात चप्पल घालून, धापा टाकत मागे धावत होता. गाडीचे मागचे लाल दिवे लागले. ती त्याच्यासाठी थांबत होती.

“थांबू नकोस!” दिनानाथ जीव खाऊन ओरडले. “थांबू नकोस गं! मी येतो मागनं!”